बावीस दिवसांची दाढी

पाहुणा म्हणून कुणाच्या दारात उभं राहण्याची लायकी मी आजवर एकाच माणसात पाहिली, आणि ते म्हणजे आमचे थोरले साडू. बाकीचे आपण सगळे नुसते जाऊन पडतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडे एसटी जिथं वळसा घेऊन परत फिरते त्या गावचे. घरी साठ-सत्तर मेंढरं, पोटापुरती बाजरी, अंगात पांढरा सदरा आणि डोक्यावर धुऊन-चुरगळून पुन्हा नीट केलेली पांढरी टोपी. ही टोपी ते झोपतानाच काढत असावेत. आक्कांच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, म्हणण्याप्रमाणे तेव्हाही नाही. शाळेत ते चौथीपर्यंत गेले होते आणि मी साताऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. पण परक्याच्या घरी कसं जावं, कसं बसावं आणि मुख्य म्हणजे कधी उठावं, या विषयात ते एम.ए. होते आणि मी अजून पाटीवर रेघोट्या ओढत होतो.

त्यांचा पहिला नियम असा की, पाहुण्यानं गावात एकदम शिरू नये. वेशीशी, नाहीतर पारावर टेकावं, तंबाखू मळावी, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालावा. तेवढ्यात अमक्याकडे पाहुणा आलाय ही बातमी आपल्या पायांनी घरी पोचते. घरच्या बाईला अंगण झाडायला, शेजारणीकडून वाटीभर साखर आणायला आणि नवऱ्याशी चाललेलं भांडण गुंडाळून ठेवायला सवड मिळते. नियम उत्तमच होता. फक्त तो साताऱ्याला लागू नव्हता. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा साडू गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याच्या टपरीजवळच्या दगडावर बसले. शहरात बातमी कुणी कुणाकडे नेत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळच्या गाडीनं आलेला माणूस दुपारी बारापर्यंत तिथंच. शेवटी माझी बायको दळण घेऊन परतताना तिला तो ताठ बसलेला पाठमोरा माणूस ओळखीचा वाटला. कधी आलात म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाले, आत्ताच. इस्त्रीवाल्यानं पुढं मला सांगितलं की तुमच्या पाहुण्यांनी माझी दोन गिऱ्हाइकं जोडून दिली आणि एक भांडण मिटवलं.

घरात शिरण्याआधी ते गोठ्याकडे वळत. माणसाची स्तुती तोंडावर करू नये, त्याच्या जनावराची करावी, म्हणजे ती माणसाला पोचते आणि त्याला लाजायचं कारण पडत नाही, असं त्यांचं शास्त्र. बैलाच्या पाठीवरून हात फिरवून, खुराकडे बघून ते एखादंच वाक्य बोलत, आणि त्या एका वाक्यावर यजमान दिवसभर खूश असे. माझ्याकडे बैल नव्हता. ते थोडे घोटाळले, मग जिन्याखाली उभ्या केलेल्या माझ्या जुन्या सायकलीजवळ गेले, सीटवरून पुढून मागे हात फिरवला आणि गंभीरपणे म्हणाले, "जनावर गुणाचं दिसतंय." त्या सायकलीबद्दल त्याआधी किंवा त्यानंतर कुणीही चांगलं बोललेलं नाही.

जेवायला बसले की त्यांचे कान स्वयंपाकघराकडे असत. परातीत भाकरी थापल्याचा आवाज ते मोजत. घरात खाणारी तोंडं सहा आणि भाकरी पाचच थापल्या गेल्या, की साडूंचं पोट अचानक जड होई. आदल्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात जास्त झालंय असं सांगून ते अर्धीवर उठत. ज्या घरी भाकऱ्या भरपूर, तिथं मात्र ते चार-चार खात आणि यजमानिणीला तृप्त करत. एकदा आमच्याकडे ते उपाशीच उठले. बायको खट्टू झाली. नंतर उलगडा झाला: त्या दिवशी तिनं भाकऱ्या सकाळीच करून ठेवल्या होत्या, त्यामुळे आत काही वाजलंच नाही.

आणि त्यांची ती खाकी कापडाची पिशवी. तिच्यात घरच्या मटकीचं किंवा हुलग्याचं एक पुडकं असे, ते यजमानिणीसाठी. त्याच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कोरी पांढरी टोपी. ही कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. तर म्हणाले, लागते. आमच्याकडे घरात मयत झालं की सोयरे तेराव्याला टोपी घेऊन येतात आणि घरच्या कर्त्या माणसाच्या डोक्यावर ठेवतात. दुखवटा काढणं म्हणतात त्याला. झालं ते झालं, आता उठ, कामाला लाग, असा त्याचा अर्थ. साडूंचं म्हणणं, आपण दोन-चार महिन्यांनी एखाद्या गावाला जातो, मधल्या काळात तिथं काय घडलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, मग पाहुण्यानं तयारीत असावं. माझ्या बायकोला मात्र ती टोपी दिसली की धडकी भरे. हे साताऱ्याला आले की ती आधी घरातल्या सगळ्यांची प्रकृती पाहून घेई.

उठायचं कधी, याचाही त्यांचा हिशेब ठरलेला होता. "घरचं कुत्रं भुकायचं थांबलं की पाव्हण्यानं उठावं," असं ते म्हणत. कुत्र्याला सवय झाली म्हणजे घरच्या माणसांना होऊन किती वेळ झाला असेल याचा विचार करावा. आमच्याकडे कुत्रं नव्हतं. ते शेजारच्या वकिलांच्या कुत्र्यावर काम भागवत, आणि ते कुत्रं अतिशय सोशिक असल्यानं साडूंचा मुक्काम फार थोडा असे.

हे सगळं वाचून ते भाबडे होते असं कुणाला वाटेल, म्हणून एक गोष्ट सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात माणदेश बघायला सगळी दुनिया लोटली. जीपगाड्यांतून साहेब आले, पुढारी आले, कॅमेरेवाले आले. खडी फोडणाऱ्या बायांना हातोडा जरा वर धरायला सांगून फोटो काढले गेले. एक साहेब चौकशी करता करता साडूंच्या चुलत भावजयीच्या चुलीपर्यंत गेला आणि धान्य किती उरलंय ते बघायला त्यानं उतरंडीचं वरचं मडकं उचललं. त्या मडक्यात काय आहे, किंवा काय नाही, हे त्या बाईनं सख्ख्या सासूलाही कळू दिलं नव्हतं. साडू दारातच होते. ते ओरडले नाहीत. पुढे झाले, साहेबाच्या हातून मडकं घेतलं, होतं तसं ठेवलं आणि म्हणाले, चला, माझ्या घरची मडकी दाखवतो, ती सगळी उघडीच आहेत. पुढे कधीतरी तो विषय निघाला तेव्हा माझ्याकडे न बघता एवढंच बोलले, "आमच्याकडं बघायला लय माणसं आली, पाव्हणं. भेटायला कोण आलं न्हाई."

दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले, आणि आमच्या भागातल्या एका सहकारी संस्थेला मेंढीपालनाचा परदेशात जाऊन अभ्यास करण्याची इच्छा झाली. युगोस्लाव्हियाच का, तर तिकडे सहकार होता, मेंढ्या होत्या आणि आमंत्रण होतं. अभ्यास मंडळात चेअरमन, त्यांचे व्याही, दोन ऊसवाले, एक तासगावकडचे द्राक्षवाले आणि दुभाषा म्हणून मी. त्या देशात इंग्रजी कुणाला येत नाही हे विमान उतरल्यावर कळलं. निघायला पंधरा दिवस उरले असताना कुणा खवचट माणसानं विचारलं की यांच्यात मेंढी कुणाकडे आहे. धावपळ झाली, आणि मेंढरू हातानं चाचपून वय सांगणारा एक माणूस घ्यायचा म्हणून आमच्या थोरल्या साडूंचं नाव यादीत शेवटी, वेगळ्या शाईनं चढलं. चेअरमननी दोन डझन केशरी फेटे बरोबर घेतले होते. दिसेल त्या गोऱ्या डोक्याला फेटा बांधायचा आणि फोटो काढायचा, हा दौऱ्याचा मुख्य कार्यक्रम. साडूंनी मटकीची पुडकी वाढवली. टोपी होतीच.

विमानात त्यांनी जवळजवळ काही खाल्लं नाही. मला वाटलं, घाबरले. तर हळूच म्हणाले, एकटी बाई आहे, दीडशे माणसांचं करतेय. हॉटेलात ते सकाळी अंथरूण अशी घडी घालून ठेवत, की झाडलोट करणारी बाई या खोलीत कुणी झोपतच नाही म्हणून तक्रार करून आली. दुसऱ्या दिवशी एका शेतावर गेलो. तिथं घरच्या बाईनं ताटात पाण्याचे पेले, चमचे आणि वाडगाभर मुरवलेली गोड आलुबुखारं आणली. द्राक्षवाल्यांनी वाडगा आपल्यासाठीच आहे असं समजून पुढे ओढला. साडूंनी मात्र एक चमचा तोंडात घातला, वर पाणी प्यायले, चमचा रिकाम्या पेल्यात ठेवला आणि मला म्हणाले, गूळपाणी आहे, चेअरमनना सांगा, जेवण नव्हे. त्या बाईचा चेहरा असा उजळला की पुढचे दोन तास तिनं आमच्या बाजूला बघितलंच नाही, सगळं साडूंनाच दाखवत होती.

चौथ्या दिवशी डोंगरातल्या एका मेंढपाळांच्या गावी जायचं होतं. तिथल्या मेंढी संस्थेचा जो प्रमुख, त्याच्या घरी आमचं जेवण होतं. आमच्याबरोबर इंग्रजी जाणणारी एक तरुण शाळामास्तरीण दिली होती. ती माझ्याशी इंग्रजीत बोले आणि मी मंडळींना मराठीत सांगे. गाव दिसू लागताच साडूंनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून गाडी थांबवायला सांगितली. चेअरमन वैतागले. म्हणाले, अहो, गावाला महिन्यापूर्वीच पत्र गेलंय. साडू खाली उतरत म्हणाले, "पत्र सायबाला गेलंय. गावाला न्हाई. तुमी व्हा फुडं." बस पुढे गेली. मीही उतरलो. साडू आहेत म्हटल्यावर त्यांना परमुलखात एकटं टाकलं तर घरी बायको घेणार नव्हती.

एका अक्रोडाच्या झाडाखाली दगडी बांध होता, त्यावर आम्ही बसलो. साडूंनी तंबाखू मळली. त्या गावचे पुरुष येत-जात होते, आणि गंमत म्हणजे त्यांच्या डोक्यावर अगदी आपल्यासारखी घडीची टोपी होती, रंगानं करडी एवढंच. साडू प्रत्येकाला रामराम घालत आणि प्रत्येकजण टोपीला हात लावी. मग एक म्हातारी आली, चालता चालता टकळीवर लोकर कातणारी. आमच्या माणातले मेंढके असेच कातत चालतात. साडू उठले, हात पुढे केला, तिनं टकळी दिली, आणि त्यांनी वीतभर सूत असं सरळ काढलं की म्हातारी खळखळून हसली. हसली, आणि एकदम दचकून तिनं तोंडावर पदर घ्यावा तसा हात घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि निघून गेली.

साडू पुन्हा बांधावर बसले. "गावात कायतरी झालंय," म्हणाले. मग त्यांचं लक्ष झाडाच्या बुंध्याकडे गेलं. तिथं काळ्या चौकटीचा एक कागद टाचला होता. वर एका तरुण पोराचा फोटो, खाली मजकूर. लिपी मलाही वाचता येईना. आकडे मात्र आपल्याच ओळखीचे होते. साडूंनी बोटावर वजाबाकी केली. "तेवीस," म्हणाले. "आमच्या थोरल्याच्या वयाचा." तो कागद पुढच्या खांबावर होता, त्याच्या पुढच्या फाटकावर होता, आणि शेवटी ज्या घराच्या फाटकावर कागदासोबत काळं कापडही टांगलं होतं, त्या घरासमोर आमची बस उभी होती.

आत अंगणात जे चाललं होतं ते असं. काळ्या सदऱ्यातला, पन्नाशी ओलांडलेला एक धिप्पाड माणूस, म्हणजे आमचे यजमान, अंगणाच्या मधोमध उभा होता. गावात बोडका असा तेवढा एकच, आणि दाढी वाढलेली. चेअरमनच्या हातात केशरी फेट्याचं एक टोक होतं, दुसरं टोक व्याह्यांनी लांब जाऊन धरलं होतं, आणि द्राक्षवाले कॅमेरा डोळ्याला लावून एक पाऊल मागं, एक पाऊल पुढं करत होते. तो माणूस मान खाली घालून निमूट उभा होता. पाहुण्यांना हौस आहे तर होऊन जाऊ दे, असा. साडूंनी फाटकाशी वहाणा काढल्या, चालत आत गेले, व्याह्यांच्या हातातलं टोक घेतलं आणि बोलता बोलता फेट्याची घडी घालायला लागले, बाया दोरीवरची लुगडी उतरवतात तशी. घडी घालत घालत ते चेअरमनपर्यंत पोचले.

"हे काय चालवलंय तुम्ही?" चेअरमन म्हणाले.

"घरात मयत झालंय," साडू म्हणाले.

मी मास्तरणीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तिनं सांगितलं ते मी सांगितलं: एकुलता एक मुलगा, उतारावर ट्रॅक्टर उलटला, आज अठरावा दिवस. भेट पुढे ढकला असं वरून सुचवलं होतं, पण यजमानच म्हणाले, इतक्या लांबून येणाऱ्या माणसांना माघारी कसं पाठवायचं, आणि त्यांना काही सांगूही नका, बिचाऱ्यांचं जेवण कडू होईल. हे ऐकून कॅमेरा खाली आला. चेअरमन वाईट माणूस नव्हते; त्यांना फक्त गप्प बसायची सवय नव्हती. त्या दिवशी ते बसले.

साडू यजमानांसमोर जमिनीवर बसले. यजमान बाकाकडे वळले होते, तेही खालीच बसले.  घरचं कुत्रं आमच्यावर भुंकत होतं. बऱ्याच वेळानं साडूंनी खाकी पिशवी पुढे ओढली, वर्तमानपत्र सोडलं, कोरी टोपी काढली, उठून दोन्ही हातांनी यजमानांच्या डोक्यावर ठेवली आणि जराशी नीट केली. "उठा आता, पाव्हणं," म्हणाले. "दाढी करा. मेंढरं वाट बघत्यात."

मी इंग्रजी केलं. मास्तरीण त्यांच्या भाषेत सांगू लागली आणि मध्येच अडली. अंगणातल्या बायांमध्ये कुजबुज झाली. ती माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली की आमच्याकडे बाप चाळीस दिवस डोक्यावर काही घालत नाही आणि दाढी करत नाही. चाळीस दिवस म्हणजे मुलाला दिलेला शब्द. अजून बावीस राहिलेत.

हे साडूंना सांगणं माझ्या वाट्याला आलं. मी त्यांना दुष्काळात पाहिलं होतं, मेंढरांत रोग शिरला तेव्हा पाहिलं होतं, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. जन्मभर ज्यानं दुसऱ्याच्या उतरंडीला बोट लागू दिलं नाही, त्यानं आज परक्या घरचं सगळ्यात वरचं मडकं उचललं होतं, आणि तेही चांगुलपणानं. ते हात जोडून उभे राहिले. 

यजमानांनी टोपी डोक्यावरून हळूच काढली. फिरवून फिरवून पाहिली. मग घडीवर घडी घातली, त्यांच्या स्वतःच्या टोपीलाही तशीच पडत असणार, कारण हाताला ती बरोबर सापडली, आणि बायकोच्या हातात देऊन चार शब्द बोलले. ही मी चाळिसाव्या दिवशी घालीन, असं ते म्हणाल्याचं मास्तरणीनं सांगितलं.

साडूंनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि पिशवीत ठेवली.

"त्यास्नी सांगा," मला म्हणाले, "त्येंचं मी मोडलं. ऱ्हायल्यालं दोघं मिळून काढू."

मी सांगितलं. यजमानांनी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. जेवणं झाली आणि थोड्या वेळानं साडू निघायला उठले. मला कळेना, आत्ताच का. मग लक्षात आलं, कुत्रं भुंकायचं थांबलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या अभ्यास मंडळाची अब्रू धोक्यात आली. चाळीस वर्षं टोपीखाली राहिलेलं डोकं उघडं पडल्यावर कसं दिसतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. कपाळाच्या मध्यावर सरहद्द होती. खालचा मुलूख माणातल्या उन्हानं भाजलेला, वरचा एखाद्या गव्हर्नरसाहेबासारखा गोरा. त्यात दाढीचे पांढरे खुंट. राजधानीतल्या मेजवानीला चेअरमननी मला बाजूला घेऊन विनवलं की त्यांना हॉटेलच्या न्हाव्याकडे न्या, पैसे संस्था देईल. मी विचारून पाहिलं. साडू नुसते हसले. ग्रुप फोटोत त्यांना फुलदाणीमागे उभं केलं होतं. त्या फोटोत एका गुलाबाला दाढी आलीय असं वाटतं.

गावी परतल्यावर तर कहर झाला. एसटीतून बोडका उतरलेला माणूस त्यांच्याच कुत्र्यानं ओळखला नाही. तालुक्यात बोलवा झाली की परदेशात जाऊन म्हातारा हिप्पी झाला. आक्का मात्र वेगळ्याच काळजीत. त्यांनी मला साताऱ्याहून तातडीनं बोलावून घेतलं आणि चुलीपुढं बसवून विचारलं, "दाजी, खरं सांगा. तिकडं ह्यांचं कोण वारलंय? मला सांगत न्हाईत. लगीन केल्यापास्नं ह्यांचं डोस्कं मी आत्ता बघतीय." मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ जाळ सारला, मग उठून शिंक्याला लावलेली कढई उतरवली आणि पालथी घालून ठेवली. दुखवट्याच्या घरात तळण करत नाहीत. पुढचे दिवस त्या घरी फोडणीही बसली नाही.

अभ्यास मंडळाचा सत्कार पस्तिसाव्या दिवशी होता. मांडव, कर्णा, हार. एकेकाच्या डोक्याला फेटा चढत होता. साडूंची पाळी आली. त्यांनी हात जोडून मान हलवली. लोकांत चुळबूळ झाली, कुणीतरी पाठीमागून म्हणालं, लय शहाणा झाला. चेअरमन फेटा हातात घेऊन क्षणभर थांबले. साडूंनी त्यांना आधीच बजावलं होतं की दुसऱ्याच्या घरचं दुःख कर्ण्यावरून सांगायचं नसतं. चेअरमननी फेटा खांद्यावर टाकला, नुसता नारळ दिला, माईकपाशी गेले, आणि एकही शब्द न बोलता परत येऊन बसले. आयुष्यात त्यांनी केलेलं ते सगळ्यात चांगलं भाषण. तिथल्या साप्ताहिकानं साडूंच्या निगर्वी साधेपणावर चौकट छापली. वाचून ते म्हणाले, कागद बरा आहे, टोपी गुंडाळायला होईल.

चाळिसाव्या दिवशी मला दहिवडीला यायचा निरोप होता. न्हाव्याच्या दुकानात साडू सकाळी आठपासून खुर्चीत बसलेले. गळ्याभोवती टॉवेल, तोंडाला साबण, आणि वस्तरा लावू देईनात. न्हाव्यानं साबण दोनदा वाळल्याचं मला रडकुंडीला येऊन सांगितलं. मला बघताच साडूंनी विचारलं, "तिकडं आत्ता किती वाजलं आसतील?" त्यांची घड्याळं आपल्या साडेचार तास मागं, असं मी सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हिशेब केला. "मंजी अजून उजाडलं न्हाई. त्येंच्या आदी नगं," म्हणाले. साडेअकरा वाजले तेव्हा तिसऱ्यांदा साबण लावून घेतला आणि मान वर केली. दाढी झाल्यावर पिशवीतून टोपी काढून घातली. सरहद्द मिटली.  न्हावी म्हणाला, बरं झालं, माणसात आलात.

यानंतर चार वर्षांनी साडू गेले. सकाळी मेंढरं सोडायला उठले आणि मेंढवाड्याच्या फळीला टेकून बसले ते बसलेच. फार वेळ कुणाला तिष्ठत ठेवायचं नाही, हा त्यांचा नियमच होता. तेराव्याला सोयऱ्यांच्या टोप्यांचा ढीग पडला. मीही एक घेऊन गेलो होतो, साताऱ्यात स्टँडसमोर शेवटच्या क्षणी घेतलेली. त्यांच्या थोरल्याच्या डोक्यावर ती ठेवताना माझं लक्ष साडेचारच्या गाडीकडे होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या मास्तरणीचा पत्ता माझ्याजवळ होता. अधूनमधून साडूंनी सांगितलेली पत्रं मी तिला इंग्रजीत लिहीत असे: पाऊस किती, मेंढरं किती, तिकडची कशी आहेत. तिला चार ओळींत कळवलं. दोन महिने उत्तर नाही. मला वाटलं, पत्ता बदलला असेल. मग एक दिवस कॉलेजच्या पत्त्यावर निळं पाकीट आलं. तिनं लिहिलं होतं की तुमचं पत्र मी त्याच दिवशी डोंगरावर जाऊन त्यांना वाचून दाखवलं.  ती पांढरी टोपी ते दर रविवारी घालतात, ती त्यांनी डोक्यावरून काढली आणि कपाटात ठेवून दिली. लगेच कळवू नको, पुरे झाल्यावर कळव, असं म्हणाले, म्हणून उशीर झाला. काल चाळीस दिवस झाले. काल त्यांनी दाढी केली.

पत्र हातात धरून मी स्टाफरूमच्या खिडकीशी उभा होतो. साडूंची माती झाली त्याच्या चौथ्या दिवशी कॉलेजात कसलीशी समिती यायची होती, म्हणून मी सकाळी उठून घोटून दाढी केली होती. नकळत हात हनुवटीकडे गेला. अगदी गुळगुळीत होती.